पाचघरवाडीचे अकरा नळ

३ मार्च

सोमवारची आढावा बैठक. पडद्यावर तालुक्यातल्या गावांची यादी, सगळ्या ओळी हिरव्या, आणि तळाला एकच लाल. ती लाल ओळ आली की साहेब माझ्याकडे असं बघतात, जणू डोंगरावर पाणी चढवायचं काम मी अंगावर घेतलं होतं. पाचघरवाडी. नाव पाचघर, घरं एक्केचाळीस. नळ झाले तीस, राहिले अकरा.

मी इथे कंत्राटी आहे. पद 'माहिती समन्वयक'. नळयोजनेचं काम जिथे जिथे झालं तिथे जायचं, प्रत्येक घराच्या नळाचा फोटो काढायचा. फोटोत घरातलं माणूस पाहिजे, नळातून पाणी पडताना दिसलं पाहिजे, ॲपने जागा टिपली पाहिजे. मग तो वर पाठवायचा. वर म्हणजे नेमका कुठे, हे साहेबांनाही सांगता येत नाही. रोज संध्याकाळी पाचला आकडे वर जातात एवढं खरं.

ठेकेदार अतुलशेठ आजही चिक्कीचे दोन डबे घेऊन आला होता. पांढरे बूट घालून पाणीपुरवठ्याची कामं करणारा हा एकच माणूस मी पाहिलाय. म्हणाला, "मॅडम, वरच्या आळीचा पाइप टाकून झाला. आता फोटो तेवढा तुमच्या हातात." पाइपात पाणी आहे का विचारलं तर नुसता हसला. दातांत चिक्कीचा तुकडा अडकलेला. मला शिसारी आली. बाकी सगळे मात्र टेबलाभोवती जमून कुटुकुटु चिक्की खात होते.

तीन वर्षांत माझा एकही फोटो वरून परत आलेला नाही. इतरांचे बघावेत. कुणाचं बोट लेन्सवर, कुणाच्या फोटोत माणसाला डोकंच नाही. मला गबाळं काम सहन होत नाही. निदान माझ्या हातून तरी ते होणार नाही.

५ मार्च

सकाळच्या लोकलने देहूरोडहून लोणावळा, तिथून धम्मदीपच्या गाडीवर. धम्मदीप पाचघरवाडीचा नळवाला. खालच्या वस्तीत राहतो, पस्तिशीचा, दोन मुलींचा बाप. पहिल्या भेटीत माझं आडनाव ऐकलं आणि "जय भीम, ताई" म्हणाला, तेव्हापासून ताईच म्हणतो.

कुरवंडे मागे टाकलं की रस्ता संपतो आणि फुफाटा सुरू होतो. डोंगराच्या कडेवरून खाली बंगलेवाल्यांचे पोहायचे टँक दिसतात. एक, दोन, पाच, सात, सगळे निळेशार. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं त्यात डुंबतात आणि वाडीतल्या बाया वरून ते बघत हंडे घेऊन ओढ्यात उतरतात. इथे पावसाळ्यात चार महिने छत्री मिटत नाही, आणि फेब्रुवारी संपायच्या आत योजनेची विहीर आटते. ही विहीर कुणी ठरवली, कुठे बसून ठरवली, त्या माणसाला एकदा उन्हात उभं करून विचारायला हवं.

तीस घरांचे फोटो मी ऑक्टोबरमध्ये काढले होते. विहीर तेव्हा तुडुंब होती आणि पाणी खरं होतं. वरच्या आळीचा पाइपच तेव्हा नव्हता. आता पाइप आहे, नळ आहेत, नवे कोरे, चमकणारे. विहिरीत नुसता सुकलेला चिखल.

वरच्या आळीतलं शेवटचं घर भामाबाईंचं. सत्तरीच्या. एक म्हैस, एक कोंबड्यांचं खुराडं, मुलगा-सून कामाला तळेगावला. नळाला त्यांनी हळदकुंकू लावलं होतं. मी नळ फिरवला तर आतून फुस्स अशी हवा आली आणि एक कोळी बाहेर पडला.

"कवा येनार गं बाय पानी?" त्यांनी विचारलं.

मला परतीची लोकल गाठायची होती. म्हटलं, "तुमचा फोटो वर गेला की येईल, मावशी."

"मंग काढ की फोटू."

"पाणी आल्याशिवाय फोटो निघत नाही."

मग आत जाऊन त्यांनी मला तांब्याभर पाणी आणून दिलं. गार होतं. मी सगळं प्यायले.

६ मार्च

साहेबांना सांगितलं, विहिरीला पाणी नाही. म्हणाले, "मी पाणी विचारलंच नाही. फोटो किती बाकी ते सांग."

एकतीस मार्चपर्यंत वेळ आहे. तोवर शंभर टक्के झालं नाही तर पुढच्या वर्षीचं माझं कंत्राट पुढे सरकवताना 'विचार करावा लागेल', हेही त्यांनी सांगितलं. सांगताना कानात काडी घालत होते. ह्या माणसाचा जेवणाचा डबा मी कधी उघडा पाहिलेला नाही, पण तो आतून कसा असेल ह्याची मला कल्पना आहे.

२० मार्च

आई विहारातल्या बायकांबरोबर महाडला गेली. दरवर्षी जाते. लहानपणी मीही जायचे, वडिलांच्या, दादांच्या खांद्यावर बसून. ते डेपोतून रजा काढायचे ह्या एका दिवसाची. ते गेल्यावरही आईने एक वर्ष चुकवलेलं नाही. काल रात्री पांढरी साडी इस्त्री करताना तिने विचारलं, "ह्या वेळी तरी येतेस का?" मी म्हटलं, मार्चएन्ड आहे. तिने परत विचारलं नाही.

रात्री उशिरा आली. पाय सुजलेले. "पाण्याला हात लावून आले," एवढंच म्हणाली आणि झोपली.

दिवसभर मी यादी तपासत होते. अकरा अजून अकराच.

२९ मार्च

झालं. अकराच्या अकरा. पण आज ज्या ज्या लोकांशी गाठ पडली त्या प्रत्येकाचा मला राग आलाय, तो लिहून काढल्याशिवाय झोप यायची नाही.

सकाळी अतुलशेठचा फोन. म्हणाला, "मॅडम, एवढं काय अवघड हाय? देवळापाशी वरच्या आळीच्या पाइपाचं तोंड हाय. टोपण काढायचं, वरून पाणी ओतायचं, खाली नळ सोडायचा. दोन मिनिटं पडलं तरी फोटो होतोय. मी पिंपाने पाणी पाठवतो." ऐकूनच मला किळस आली. असली कल्पना सुचायला डोकं किती कुजलेलं असावं लागतं! मी फोन आपटला आणि लोणावळ्याची लोकल पकडली.

अकराला वाडीत पोचले. दीड वाजेपर्यंत पिंप आलं नाही. अतुलशेठचा फोन बंद. मी देवळाच्या पायरीवर बसून घड्याळ बघत होते. धम्मदीप म्हणाला, "ताई, परत जाऊ या. न्हाई म्हनून लिवा." मी त्याला म्हटलं, नाही म्हणून लिहायची जागा ॲपमध्ये नाही. ते खरंच आहे. तिथे एकच खूण आहे, 'नळ चालू'.

आळीतल्या बाया जमल्या होत्या. भामाबाईंनी विचारलं, "पानी किती लागतंय फोटूला?"

"लागतील वीसेक हंडे," धम्मदीप म्हणाला.

भामाबाई घरी गेल्या आणि दोन हंडे घेऊन आल्या, एक डोक्यावर, एक कमरेवर. पहाटे ओढ्यातून आणलेले. त्यांच्यामागून बाकीच्या. मी कुणालाही आणा म्हटलं नव्हतं, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

"म्हशीला काय?" एकीने त्यांना विचारलं.

"म्हस एक दिस दम धरंल. फोटू गेला की रोजचंच हाय मग पानी."

बावीस हंडे गेले पाइपात. धम्मदीपने खालचा व्हॉल्व्ह बंद केला, एकेका घराचा नळ सोडला. बायांना कसं उभं राहायचं ते कळेना. कुणी पाठ करून, कुणी पदर तोंडावर घेऊन. अतुलशेठच्या पाइपाचे सांधे मधेच गळत होते, पाणी मातीत जात होतं, आणि ह्यांचं आपलं लाजणं चाललेलं. शेवटी मीच सगळ्यांना शिकवलं. उजवा हात नळाखाली, चेहरा माझ्याकडे, पदर डोक्यावर पण कपाळ दिसलं पाहिजे, हसायचं नाही. भामाबाई आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आल्या. "दिल्लीला जानार ना फोटू?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांचा फोटो सगळ्यात छान आला आहे. पाण्याची धार बारीक आहे पण स्पष्ट दिसते.

पिंप पाठवतो म्हणून न पाठवणारा अतुलशेठ, आणि मुकाट्याने पाणी ओतून देणारी ही माणसं. कुणाला काही वाटत कसं नाही? एकीने तरी म्हणायचं, आमचं पाणी आम्ही देणार नाही.

३१ मार्च

पाच वाजता आकडे गेले. सगळ्या ओळी हिरव्या. साहेबांनी चक्क टाळ्या वाजवल्या, त्यांच्यामागून सगळ्यांनी. अतुलशेठ चिक्कीचा मोठा डबा घेऊन हजर. मी घेतली नाही. मग त्याने एक तुकडा माझ्या वहीवर ठेवला. त्या पानावर अजून तेलकट डाग आहे.

माझं कंत्राट वर्षभर वाढलं.

८ एप्रिल

पाचघरवाडीच्या वेशीवर फलक लागला, सगळ्या घरी नळ असलेलं गाव म्हणून. ग्रामसभेने ठरावही केला. फोटोत साहेब मधे, अतुलशेठ शेजारी, पांढरे बूट. गावातलं एकही माणूस फोटोत नाही, हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

१६ एप्रिल

धम्मदीपचा फोन आला. टँकर आलेला नाही. पाचघरवाडीला दरवर्षी एक एप्रिलपासून टँकर सुरू होतो, दिवसाआड, योजनेच्या आधीपासून. ह्या वर्षी पंधरा दिवस झाले तरी पत्ता नाही. ओढ्यातला खड्डाही आटत आलाय. बाया पहाटे तीनला नंबर लावतात आणि वाटी वाटीने हंडा भरतात.

"ताई, तुमच्या हापिसातून काय कळतंय का बघा," म्हणाला.

टंचाईचं टेबल आमच्या इमारतीतच आहे, खालच्या मजल्यावर. तिथल्या लोकांना कामाची लाज नाही. उद्या जाऊन त्यांना चांगलं झाडते.

१७ एप्रिल

टंचाईच्या टेबलावर गौरव नावाचा कारकून आहे, माझ्याच वयाचा. मी चढ्या आवाजात सुरुवात केली. एक वाडी तहानलेली आहे, तुम्हाला डोळे आहेत की नाही, वगैरे. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग संगणकाचा पडदा माझ्याकडे फिरवला.

"मॅडम, शंभर टक्के नळ असलेल्या गावाला टँकर देता येत नाही. यादी आपोआप येते आमच्याकडे. एक तारखेला पाचघरवाडी गळाली."

"यादी कुठून येते?"

"तुमच्याकडूनच की. वरच्या मजल्यावरून."

त्याने एक बटण दाबलं. अकरा फोटो एकाखाली एक आले. शेवटी भामाबाई, चांगल्या लुगड्यात, उजवा हात धारेखाली. फोटोच्या खाली माझं नाव.

"फोटो एकदम स्वच्छ आहेत," गौरव म्हणाला. तो टोमणा मारत नव्हता. खरंच कौतुक करत होता.

मी जिना चढून बाथरूममध्ये गेले आणि तोंड धुतलं. बेसिनचा नळ कुणीतरी अर्धवट सोडून गेलं होतं. तो घट्ट बंद केला.

१८ एप्रिल

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्यांना पाइपलाइनचं पाणी मिळत नाही ही देखभालीची बाब झाली. ग्रामपंचायतीची. आपला विषय संपला." मी म्हटलं, फोटोतलं पाणी बायांनी ओतलेलं होतं. त्यांनी दरवाजाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "हे तू कुणाला सांगितलंस?" मी म्हटलं, कुणाला नाही. "मग मला पण सांगितलं नाहीस."

बाहेर पडताना म्हणाले, दार लावून घे.

२० एप्रिल

काल संध्याकाळी आईला सांगितलं. सांगायला नको होतं. मला वाटलं होतं ती साहेबांना शिव्या देईल, अतुलशेठला देईल, निदान सरकारला तरी देईल. ती भाजी निवडत होती. निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या बाईचं नाव काय?"

"कुठल्या?"

"जिने म्हशीचं पाणी दिलं."

नाव सांगितलं.

"पाण्याला हात लावायला आपली माणसं कुठवर चालत गेली, डोकी फोडून घेतली. त्या पाण्यावर माझ्या लेकीचं शिक्षण झालं. आणि लेक काय करते, तर लोकांच्या हंड्यातलं पाणी सरकारच्या नळात ओतून दाखवते."

"मी ओतलं नाही," मी ओरडले. "मी फक्त फोटो काढला!"

आई भाजीची ताटली उचलून आत गेली. मला तिचा इतका राग आला की रात्री जेवले नाही. तीही जेवली नाही, हे सकाळी पातेलं बघितल्यावर कळलं.

२५ एप्रिल

धम्मदीपचा फोन. भामाबाई काल पहाटे ओढ्यात उतरताना हंड्यासकट घसरल्या. उजवा हात मनगटात मोडला. लोणावळ्याला नेऊन प्लास्टर घातलं. "हंडा चेपला म्हनून रडत व्हत्या," तो म्हणाला. "हाताचं काय न्हाई म्हनत."

२८ एप्रिल

गौरवकडे गेले. ह्या वेळी आवाज चढवला नाही. त्याने नियम काढून दाखवला. नळ आहे पण बंद आहे असं संयुक्त पाहणीत दिसलं, तर ते गाव 'योजना तात्पुरती बंद' ह्या रकान्यात जातं आणि टँकर मंजूर होतो. पाहणीला एक माणूस टंचाईचा, एक आमचा. दोघांनी जागेवर नळ सोडून बघायचा, पंचनामा करायचा.

म्हणजे जुन्या फोटोंबद्दल काही लिहायची गरजच नाही! मी सुटकेचा निःश्वास टाकला. साहेबही लगेच तयार झाले. "हे बेस्ट. 'तात्पुरती' हा शब्द चांगला आहे." सहा मेला जायचं ठरलं. धम्मदीपला फोन करून कळवलं की सहा तारखेला साहेब लोक येणार, नळ तपासणार, फोटो काढणार, सगळ्यांनी घरी थांबा. आणखी काही सांगितलं नाही. आणखी काय सांगायचं होतं?

६ मे

मला हे नीट लिहायचं आहे. जसं झालं तसं.

गौरव आणि मी दहाला वाडीत पोचलो. आळी झाडून काढलेली. प्रत्येक नळाला हळदकुंकू. बाया धुतलेली लुगडी नेसून आपापल्या नळापाशी उभ्या. धम्मदीप दिसला नाही. मला वाटलं, आपल्याला मान देतायत. जरा बरंही वाटलं.

गौरवने पंचनाम्याचा कागद काढला. पहिल्या घराचा नळ मी स्वतः फिरवला, कोरडा फोटो काढायचा म्हणून मोबाइल तयार धरून.

पाणी आलं.

दुसऱ्या घरी गेलो. पाणी आलं. तिसऱ्या घरी आलं. प्रत्येक बाई उजवा हात धारेखाली धरून, कपाळ दिसेल असा पदर घेऊन, अजिबात न हसता माझ्याकडे बघत होती. पाचव्या घरानंतर गौरवने कागदावर लिहायला सुरुवात केली. मी वाकून बघितलं. 'नळ चालू. पाणी येत आहे.'

शेवटी भामाबाई. उजवा हात गळ्यात बांधलेला, प्लास्टर मळून काळं झालेलं. त्यांनी डावा हात नळाखाली धरला.

"उजवा मोडलाय गं बाय," त्या म्हणाल्या. "डावा चालंल का?"

तेव्हा मला कळलं. देवळाकडे धावत गेले. पाइपाचं टोपण बाजूला पडलेलं. धम्मदीप ओणवा होऊन हंडा ओतत होता, मागे दोन बाया रिकामे हंडे घेऊन उभ्या, आणि ओळीने ठेवलेली भांडी. कळशा, घागरी, तेलाचे डबे, एक बाळाची बादली.

"चार दिस साठवलं, ताई," तो घाम पुसत म्हणाला. "म्या म्हनत व्हतो नको. पन बाया म्हनल्या, मागल्या खेपेला पानी कमी पडलं, धार बारीक आली, म्हनून टँकर आला न्हाई. ह्या खेपेला कमी पडू द्यायचं न्हाई."

चार दिवस. ज्या ओढ्यात भामाबाईंचा हात मोडला त्या ओढ्यातून.

मी ह्या वहीत दोन महिने सगळ्यांना नावं ठेवत आले. साहेब, अतुलशेठ, गौरव, ह्या बायासुद्धा. मागची पानं आत्ता वाचली. कुठल्याच पानावर मला माझी लाज वाटलेली दिसत नाही. आज त्या पाइपापाशी मला स्वतःची जेवढी घाण वाटली तेवढी अतुलशेठच्या दातांची कधी वाटली नव्हती.

गौरव मागून आला होता. मी म्हटलं, "तो कागद फाडा."

"पाणी दिसलं, मॅडम. मी काय लिहू?"

"हे योजनेचं पाणी नाही. हे बघा, वरून ओतलंय."

"ते दिसतंय मला. पण का ओतलं, हे कोण लिहून देणार? हे लोक म्हणतील नळ चालू आहे. तुमच्या फोटोतही चालू आहे."

मी त्याच्याकडून कोरा कागद मागितला आणि देवळाच्या पायरीवर बसून लिहिला. एकोणतीस मार्चचे अकरा फोटो मी काढले. नळात पाणी नव्हतं. रहिवाशांनी घरातलं पिण्याचं पाणी पाइपात ओतलं. फोटो वर गेला की पाणी येईल, असं मी त्यांना सांगितलं होतं. कसं उभं राहायचं तेही मी शिकवलं. आजही त्यांनी तेच केलं, कारण त्यांना तेच शिकवलेलं होतं. खाली सही, पूर्ण नाव.

गौरवने दोनदा वाचलं. "नोकरी जाईल," म्हणाला. मग नवा पंचनामा लिहून माझा कागद सोबत जोडला आणि पहिला कागद माझ्यासमोर फाडला.

बाया खाली उभ्याच होत्या. त्यांना एवढंच कळलं की काहीतरी बिघडलं. भामाबाई पुढे आल्या. "आमचं काय चुकलं गं? तू सांगितलंस तसंच केलं आमी."

"तुमचं काही चुकलं नाही, मावशी."

"मंग त्यानं कागुद का फाडला?"

मला धड सांगता आलं नाही. काहीतरी पुटपुटले. धम्मदीपने सगळे नळ परत सोडले, पाइपात उरलेलं पाणी बायांनी हंड्यांत भरून घेतलं. बरंचसं सांध्यांतून मातीत गेलं होतं. भामाबाईंच्या दोन हंड्यांतला पाऊण हंडा परत मिळाला.

७ मे

साहेब ओरडले नाहीत. कंत्राट रद्द झाल्याचं पत्र टंकलेलंच होतं. माझ्यावर चौकशीही बसेल म्हणाले. अतुलशेठवर बसेल का, असं मी विचारलं. "त्याचा काय संबंध? त्याने कुठे फोटो काढला?" पडद्यावर पाचघरवाडीची ओळ पुन्हा लाल झाली होती. ती मी जाता जाता बघून घेतली.

घरी आल्यावर आईला पत्र दाखवलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, घडी घालून दादांच्या फोटोमागे ठेवलं. मग म्हणाली, "जेवून घे." दोघी जेवलो.

११ मे

काल पाचघरवाडीला टँकर पोचला. आज संध्याकाळी धम्मदीपने फोटो पाठवला.

भामाबाई टँकरच्या मागे उभ्या आहेत. चांगलं लुगडं. कपाळ दिसेल असा पदर. हसत नाहीत. आणि उजवा हात, प्लास्टरसकट, धारेखाली. प्लास्टर भिजून लोंबायला लागलंय. बाकी सगळ्या हंडे भरायच्या गडबडीत, ह्या एकट्या कॅमेऱ्याकडे बघत.

मी धम्मदीपला फोन लावला. म्हटलं, हात असा का धरलाय? बाजूला घ्यायला सांग त्यांना.

"सांगितलं, ताई. आयकत न्हाई. मागल्या खेपेला डावा हात धरला म्हनून बिगाडलं, म्हनती. काल टँकर आला तशी पयलं उजवा धरून उभी ऱ्हायली. न्हाई धरला तर परत बंद हुईल म्हनती."

उद्या टँकर पुन्हा यायचा आहे. सकाळची लोकल पकडून जाणार आहे. आई म्हणते, मीही येते. ऑफिसचं काही काम नाही. भामाबाईंपाशी जाऊन एवढंच सांगायचं आहे, मावशी, हात खाली घ्या.